मारबतीसाठी बुजवलेली चर

पूर्व नागपुरातल्या आमच्या गल्लीला भूकंपाची भीती कधीच नव्हती. एकदा सकाळी फळीवरची भांडी वाजली, बंद पंखा हलला, तेव्हाही लोकांनी ठरवून टाकलं की तिकडे कोळशाच्या खाणीत सुरुंग लावला असेल. मी त्या वेळी दाढी करत होतो. हनुवटीला काप गेला, तो मी नव्या ब्लेडच्या नावावर खपवला. दुसऱ्या दिवशी पेपरात सौम्य धक्क्याची बातमी आली आणि मग ज्याला त्याला आठवलं, की आपल्याला तर तेव्हाच समजलं होतं. मलाही आठवलं.

त्यानंतर बऱ्याच काळाने, एका उन्हाळ्याच्या शेवटी, गल्लीच्या तोंडाशी काळे लोखंडी पाइप येऊन पडले. मारुतीच्या देवळात सभा झाली. पाणीपुरवठ्याच्या कामावरच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या. तरुण, उन्हाने रापलेल्या, पायात बूट. त्यांनी समजावून सांगितलं, की गल्लीखालची लाइन आजोबांच्या काळातली, बिडाची आहे आणि तिचे सांधे शिसं ओतून घट्ट केलेले आहेत. जमीन हलली की घट्ट सांधा आधी तुटतो. मग पाणी जातं, गटार आत शिरतं, आणि कुठे आग लागली तर विझवायलाही काही राहत नाही. नव्या पाइपचे सांधे रबराची कडी घालून बसवतात. ते थोडे सरकतात, थोडे वाकतात, पण निसटत नाहीत. बाईंनी एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात फिरवून दाखवली.

पुढच्या खुर्चीवर माझा मोठा भाऊ बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, माणसाले बी असे सांधे बसवून देता का? आमच्या याचे गुडघे करकर वाजते." 'आमचा हा' म्हणजे मी. अख्खं देऊळ हसलं. घरात विनोदाला विषय कमी पडला की मला पुढे करायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. माझ्या लग्नातही ती पाळली गेली होती.

खरं तर दुरुस्तीला आलेलं शरीर माझं नव्हतं, त्याचं होतं. भाऊ जुना पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची कमळं, सिनेमाचे बोर्ड असं सगळं त्याने रंगवलं; फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवले. नंतर साखर, मग रक्तदाब, आणि शेवटी दोन्ही किडन्यांनी हात टेकले. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे. तंत्रज्ञाने आम्हाला एकदाच आणि स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की सणवार, लग्न, पाऊस काहीही असो, पाळी चुकवायची नाही. चुकली तर अंगातलं पाणी फुफ्फुसात चढतं.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली भाऊ आणि वहिनी, वर मी आणि माझी बायको. मुलं दोन्ही घरांची बाहेरगावी. काम सुरू झालं तशी नळाची वेळ गेली आणि टँकर येऊ लागला. टँकरपुढे बायकांच्या गुंडांची, घागरींची रांग, धक्काबुक्की, एकमेकींच्या माहेराचा उद्धार. आणि आमच्या खालच्या घरात वहिनी एका माणसाला स्टीलच्या पेल्याने पाणी मोजून देत होत्या. सारी गल्ली पाणी मिळावं म्हणून भांडत होती, आणि वहिनी नवऱ्याला पाणी मिळू नये म्हणून. "जावई असतो तर बरं झालं असतं," भाऊ म्हणायचा, "निदान तांब्या भरून तरी देल्ला असता."

चर खोदली ती गल्लीच्या मधोमध. दोन्ही बाजूंना घराला लागून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट राहिली. त्या दिवसांत माझी किंमत अचानक वाढली. मी लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो. इतकी वर्षं गल्लीत कुणी मला 'काय करता' म्हणून विचारलं नव्हतं, आता येता-जाता लोक म्हणत, "भाऊ, एक फळी आमच्या दाराले बी." मालकाला सांगून मी चिरफळ्या आणल्या आणि प्रत्येक घरासमोर चरीवर एकेक टाकली. लोक त्यांवरून गुंड घेऊन, सायकल घेऊन, एकाने तर बकरी घेऊन पलीकडे गेले. मी स्वतः मात्र खेकड्यासारखा आडवा, भिंतीकडे हात पसरून सरकत असे. माझ्या फळीवर माझाच विश्वास नव्हता.

भाऊ मात्र सरळ चालायचा. पाय सुजलेले, एक हात माझ्या खांद्यावर, तरी नजर समोर. गल्लीच्या कोपऱ्यावर ठरलेला ऑटो उभा असे. घरापासून तिथपर्यंत जायला त्याला दोनदा ओट्यावर टेकावं लागायचं. ज्याच्या ओट्यावर टेकेल, त्याची पाटी पुन्हा रंगवून देण्याचं आश्वासन तो देत असे. असं करत त्याची एकही पाळी चुकली नाही. उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला, पावसाळ्याआधी संपणारं काम पावसाळ्यात शिरलं, तरी चुकली नाही.

मग पोळा जवळ आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, आम्हाला नाही. काळी आणि पिवळी मारबत, आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभरात ज्याने छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, मिरवायचा, आणि रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणत जाळून टाकायचा. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, डेंग्यूच्या मच्छराचा बडगा. आमच्या गल्लीचा बडगा भाऊच करत आला होता. त्या वर्षी हाताला थरथर होती तरी त्याने अंगणात खुर्ची टाकली आणि पोरांकडून बांबू बांधून घेतला. बडगा होता फुटक्या पाइपचा; नळातून जीभ बाहेर आलेली, गळ्यात 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी. ती पाटी तेवढी त्याने स्वतः रंगवली. अक्षर अजून सरळ होतं.

प्रश्न असा, की बडगा गल्लीतून बाहेर कसा काढायचा? तो दीड मजला उंच, आणि वाट एका माणसाची. बडगा तुकड्यातुकड्यांनी नेऊन चौकात जोडावा, असं मी सुचवलं. भावाने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी नवरदेवाला तुकड्यांत न्यायला सांगितलं. बडगा घरून निघतो. वाजत निघतो. सगळ्या दारांसमोरून जातो, म्हणजे सगळ्या घरांची पीडा घेतो. वाटेत सुरू झाला तर मागच्या घरांनी काय करायचं?

गल्लीचं एकमत झालं. एरवी पाण्याच्या वेळेवरही आमचं एकमत होत नाही. आम्ही पाचसात जण इंजिनिअर बाईंकडे गेलो. सोबत भाऊही, हट्टाने. म्हटलं, मारबतीपुरती चर बुजवून द्या, नंतर पुन्हा खोदा. बाई नाही म्हणाल्या. पाइप टाकून झालेत, पण सांधे उघडे ठेवून, आत दाबाने पाणी भरून तपासायचे आहेत. त्याआधी बुजवलं तर गळती दिसणार नाही. शिवाय मुरूम अजून आलेला नाही, उकरलेली काळी माती परत टाकली तर पहिल्या पावसात बसेल. सगळं बरोबर होतं. आमचंही बरोबर होतं. मग कुणीतरी वॉर्डातल्या एका वजनदार माणसाला फोन लावला, त्याने आणखी कुणाला लावला, आणि दोन दिवसांत जेसीबीने काळी माती परत चरीत ढकलली. वरून चाक फिरवून जमीन गुळगुळीत करून दिली. फळ्या उचलून मी अंगणात रचल्या. गल्ली इतकी मोकळी दिसायला लागली की लोक संध्याकाळी उगाच येरझाऱ्या घालू लागले.

बडगा वाजतगाजत निघाला. भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. बडगा समोर आला तसा तो दोन्ही हात वर करून ओरडला, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि त्याला धाप लागली. वहिनी पेला घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी पेला काठोकाठ भरलेला होता.

दुसरा फायदा म्हणजे ऑटो आता दारापर्यंत येऊ लागला. पुढच्या पाळीला भाऊ घरच्या पायरीवरून थेट ऑटोत बसला. "पाहा गा," तो मला म्हणाला, "लग्नाच्या वेळी बी गाडी दारी आली नव्हती." मीही खूश. खेकड्याची चाल सुटली होती.

मग पाऊस लागला. तो गुरुवार होता. दवाखान्यातून परत येताना नाही, जातानाच. ऑटो दारातून निघाला, चार घरं गेला आणि मागचं चाक मातीत गेलं. ऑटोवाल्याने जोर दिला तसं ते आणखी आत गेलं. काळी माती म्हणजे ओली झाली की साबण, आणि साबणाखाली खोल. भाऊ आत, ऑटो तिरपा, आणि मी मागून ढकलतो आहे. गुडघ्यापर्यंत रुतलो, एक चप्पल गेली ती आजही त्या पाइपावरच असेल. फळ्या आणल्या. टाकली की फळी मातीवर तरंगायची आणि पाय ठेवला की बुडायची. उघड्या चरीला निदान काठ होता. बुजवलेल्या गल्लीला काठच राहिला नव्हता.

भावाने उतरून दोन पावलं टाकून पाहिली. सुजलेला पाय आत गेला तो आम्ही तिघांनी धरून बाहेर काढला. पाळीची वेळ चालली होती. तेव्हा समोरच्या घरातून कुणीतरी बाज आणली. नवारीची, हलकी. भावाला तिच्यावर झोपवलं, वरून प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली आणि चौघांनी बाजेचे चार खुरे, चार पाय, खांद्यावर घेतले. पायांकडच्या एका खुऱ्याला मी होतो. खाली धरून चालता येत नव्हतं. चिखलात तोल राहायचा तर ओझं खांद्यावरच पाहिजे.

गल्लीतले लोक दारात आले होते, मदतीला, काळजीने. कोपऱ्याअलीकडच्या घरात आमच्या गल्लीचे गुरुजी राहतात. शाळेत ड्रिल शिकवायचे, आता मोतीबिंदूने डोळे धूसर झालेले. त्यांनी पाहिलं असेल ते एवढंच, की चौघांच्या खांद्यावर काहीतरी आडवं येतं आहे. ते ओट्यावरून खाली उतरले, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या म्हातारीने पदर डोक्यावर ओढून हात जोडले. तिला तर चांगलं दिसतं. पण हात असे असतात, की शेजारच्याचे जुळले की आपलेही जुळतात. पुढच्या दोन दारांतही तेच झालं.

ताडपत्रीखालून भावाने मान उचलली. म्हणाला, "गुरुजी, जिता हाव ना गा मी अजून."

सगळे हसले. गुरुजी इतके ओशाळले की त्यांना टोपी घालता येईना. भाऊ हसला, मी तर सर्वांत मोठ्याने हसलो. खुरा खांद्यावर असताना हसलं की बाज हलते, म्हणून पुढच्याने मला शिवी दिली. आम्ही कोपऱ्यावर पोचलो, दुसरा ऑटो केला, उशीर झाला पण पाळी चुकली नाही. परत येताना पावसाने उसंत घेतली होती. दोघांच्या आधाराने, भिंतीभिंतीने, तासभर लावून तो घरी चालत आला. बाज त्याने परत मागवू दिली नाही.

शनिवारी गल्ली आणखी वाईट झाली होती. सांधे तपासायला चर पुन्हा उकरली होती. पण भिजलेली माती राहीना, दोन्ही बाजूंनी घसरत होती, आणि वाटेवर तिचे ढीग. इंजिनिअर बाई स्वतः पावसात उभ्या होत्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही बाज तयार ठेवली. भाऊ कपडे करून बसला होता. पण उठेना.

"चला," मी म्हटलं.

"मले खांद्यावर नाही जायचं."

मी नेहमीसारखं थट्टेवर नेलं. म्हटलं, बडग्याला नेतात तसा नेतो, वाजतगाजत. तो हसला नाही. माझ्या विनोदावर तो हसला नाही असं कधी झालं नव्हतं. वाईट असला तर जास्तच हसायचा.

"ज्या दिवशी जायचं त्या दिवशी जाईन ना गा खांद्यावर," तो म्हणाला. "रोज रोज कायले?"

खुर्चीवर बसवून नेऊ म्हटलं. प्लॅस्टिकची खुर्ची चौघांनी धरून पायरीखाली उतरवली; पहिल्याच ढिगावर एकाचा पाय घसरला आणि भाऊ चरीकडे कलंडता कलंडता राहिला. परत आणला. दवाखान्यात फोन केला. तंत्रज्ञ म्हणाला, आणाच, कसंही करून आणा. वहिनींनी समजावलं, मग रागावल्या, मग चुलीकडे तोंड करून बसल्या. घरात गॅस आहे, चूल नाही. पण त्या जशा बसल्या त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. शेवटी भावाने उद्याचा वायदा केला. उद्या पाऊस थांबेल, जमीन वाळेल, मी चालत जाईन. दिवसभर पाणी मागणार नाही. आणि खरंच त्याने मागितलं नाही. पेला भरलेला तसाच राहिला.

त्याला उचलून नेणं चौघांना अवघड नव्हतं. पण मोठा भाऊ नाही म्हणाला तर त्याला हात लावायचा नाही, एवढंच आमच्या घरात आम्हाला शिकवलं होतं.

रविवारी उजाडता उजाडता वहिनींनी खालून हाक मारली. तो उशीला टेकून बसला होता आणि श्वास घेताना अंगात काहीतरी बुडबुडत होतं. ओठ निळे. अँब्युलन्स कोपऱ्यावर बोलावली. बाज आणली. आता त्याने नाही म्हटलं नाही. बोलण्याएवढा वारा त्याच्यात नव्हता.

आम्ही त्याला बाजेवर घेईपर्यंत वहिनी आधी बाहेर गेल्या. साडी वर खोचून, चिखलातून, एकेका दाराला. कोणी हात जोडू नका म्हणून सांगत. आम्ही निघालो तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती, आणि हात कुठे ठेवावे ते कुणाला समजत नव्हतं. कुणी पाठीमागे बांधले होते, कुणी खिशात घातले होते, एका बाईने दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. भावाने यातलं काही पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्याचे डोळे उघडे होते, वर, पावसाकडे.

सोमवारी दुपारी तो गेला. मशीन लावली होती, छातीतलं पाणी बरंचसं काढलं होतं. पण हृदय थकलं, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांनी पुढचं ठरवायला घेतलं. आधी घरी न्यायचं, अंघोळ घालायची, उंबरठ्यावरून काढायचं. बडग्यालासुद्धा घरून निघायचा मान असतो, मग माणसाला का नसावा? आमचे एक वयस्क काका म्हणाले की चिखलाचं काय, आपण दहा जण आहो, खांदे बदलत नेऊ. वहिनी बाकावर बसल्या होत्या.

"नाही न्यायचं गल्लीतून," त्या म्हणाल्या. "यायनं नाही म्हटलं होतं खांद्यावर."

काका म्हणाले, "अवं, ते जित्या माणसाचं बोलणं होतं."

"म्हणूनच आयकून राहिली मी."

सरळ घाटावर न्यायचं ठरलं. गाडी फक्त गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं थांबवायची, मोठ्या रस्त्यावर, डांबरावर. मी आधी निरोप घेऊन गेलो. गल्लीतले लोक चिखल तुडवत बाहेर आले, बायका लुगडी हातात धरून, म्हातारे एकमेकांना धरून. माझी बायको घरच्या माठातलं पाणी लोट्यात घेऊन आली. तेवढ्यावरच अंघोळ झाली, कपाळापुरती, गाडीच्या दारातून. चरीवरचे मजूर काम थांबवून उभे होते, त्यांच्यामागे इंजिनिअर बाई.

गाडीचं मागचं दार उघडं होतं. लोक एकेक करून पुढे येत, पाहत आणि सरकत. पण हात कुणीच जोडत नव्हतं. वहिनींनी सांगितलेलं अजून सगळे पाळत होते. ते मोडायचं कुणी, कुणालाच कळेना. गुरुजींना दोघांनी धरून पुढे आणलं. ते गाडीशी उभे राहिले, टोपी हातात, दोन्ही हात त्या टोपीभोवती घट्ट आवळलेले.

वहिनी गाडीतून खाली उतरल्या. गुरुजींच्या हातातली टोपी त्यांनी काढून घेतली.

"जोडा गुरुजी आता," त्या म्हणाल्या.